पुढच्या ऑक्शनला पलटननं कोणाला घ्यावं? (आणि शाडलू-शाडलू करणाऱ्यांना एक विनंती)

बीडचा_रेडर:
रामराम मंडळी. प्रो कबड्डीच्या (पीकेएल) बाराव्या सीझनची फायनल होऊन गेली, ३१-२८ नी दिल्लीनं आपल्या पुणेरी पलटनला गार केलं, ते आता उगाळायचं नाही असं ठरवलंय तरी रोज उगाळतोच. पण आता पुढचं बघू. आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी इराणच्या शाडलूचा फोटो टाकतं आन् खाली लिहितं "घरवापसी". मायला, हा माणूस दहाव्या सीझनला आपल्याकडं २ कोटी ३५ लाखाला आला, ९९ टॅकल पॉइंट काढले, कप दिला, सगळं मान्य, त्याच्याइतका लेफ्ट कॉर्नर (डाव्या टोकाचा डिफेंडर) जगात नाही हे पण मान्य. पण आता त्याला घ्यायचं म्हणजे ऑक्शनच्या ५ कोटीच्या पर्समधले २ कोटी एकट्याला, मग बाकीचे सोळा-सतरा जण कशावर आणायचे, रोजगार हमीवर का? बाराव्या सीझनला गुजरातनं त्याच्यावर २ कोटी २३ लाख लावले आन् पहिल्या आठात पण आले नाहीत. बंगालनं रेडर देवांकला २ कोटी २० लाखाच्या वर दिले, ते पण बाहेरच. आपण सगळ्यात महाग घेतला सचिन तंवर, एक कोटी पाच लाखाच्या आसपास, आन् आपण फायनलला होतो. मग शहाणं कोण?
माझं म्हणणं, महागडा एकच घ्या, तो पण दीड कोटीच्या आतला, आन् बाकी पैसा कॉर्नरच्या बॅकअपला. रेडर आपल्याकडं पोत्यानं आहेत. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पण नुसतं "शाडलू हवा" असं नका लिहू, पैसे कुठून आणायचे ते पण लिहा.

पैठणगेट:
शाडलू हवा.

😄 थांब थांब, मारू नको, लिहितो. भावा तू अर्धाच हिशोब मांडायलास. गुजरात-बंगाल सांगितलं पण जिंकलं कोण? दिल्ली. आन् दिल्लीनं रेडर आशू मलिकला एफबीएम (शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन आपलाच गडी ठेवायचा हक्क) वापरून १ कोटी ९० लाखाला ठेवलं होतं. म्हणजे महागडा घेतला की टीम बुडते असं काही नाही, महागड्याच्या भोवती काय उभं करता त्याच्यावर आहे. दिल्लीकडं इराणचा डिफेंडर फझल होता ना. फझल! जो नवव्या सीझनला आपला कॅप्टन होता, १ कोटी ३८ लाखाला घेतला होता आपण, त्या वर्षी जयपूरकडून ३३-२९ नी फायनल हरलो, मग त्याला सोडला. आता तोच बाबा फायनलमधे समोर उभा राहिला तवा आमच्या घरात टीव्ही बंद करायची वेळ आली होती. आपल्याकडं चांगला डिफेंडर येतो, एक-दोन वर्षं राहतो, आन् मग दुसऱ्याच्या जर्सीत येऊन आपल्यालाच धरतो. तेच शाडलूचं, आपल्याकडून गेला तो हरियाणाकडं, २ कोटी ७ लाखाला, आन् त्यांनी लगेच त्याच वर्षी कप उचलला. कुठं उचलला? आपल्या बालेवाडीत. आन् आपण त्या वर्षी प्लेऑफला पण नव्हतो.

नांदेड_टू_गचीबावली:
बालेवाडीचं नाव काढू नका राव, पोटात दुखतं.
मी दहाव्या सीझनची फायनल हैदराबादला जाऊन बघितली, १ मार्च २०२४, देवगिरीनं गेलो, नांदेडहून आपल्याला पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. त्या दिवशी जे बघितलं त्याच्यावरून सांगतो. लोक म्हणतात शाडलूनं कप दिला. पण मॅच फिरली ती पंकज मोहितेच्या रेडनं, एका रेडमधे चार जण, हरियाणाच्या डोळ्यात पाणी. आन् सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू कोण? आपला रेडर अस्लम इनामदार. दोघं पण आपलीच पोरं, नवीन पोरं म्हणून घेतलेली आन् आपल्याकडंच वाढलेली, ऑक्शनमधे हात वर करून आणलेली नाहीत. पलटनचा खरा धंदा हाच आहे. बाकीच्या टीम बाजारात जातात, आपण घरी पिकवतो. आता आदित्य शिंदे बघा की, या सीझनला प्लेऑफमधे ह्याच पोरानं ओढलं सगळ्यांना.
म्हणून बीडच्या भावाचं मला पटतं, पण एक सोडून. अस्लमच्या गुडघ्याचा हिशोब कोणी धरायलाच तयार नाही. अकराव्या सीझनला तो बाहेर पडला आन् आपण खाली घसरलो. एका माणसाच्या गुडघ्यावर अख्खी टीम उभी करायची का? मग रेडर पोत्यानं आहेत म्हणून कसं चालेल. लीड रेडर वेगळा आन् तीन-चार पॉइंट आणणारा वेगळा. डू ऑर डायला, म्हणजे दोन रेड रिकाम्या गेल्यावर पॉइंट आणावाच लागतो त्या तिसऱ्या रेडला, कोणाला पाठवणार ते आधी सांगा.

बीडचा_रेडर:
@नांदेड हाव, हे खरं आहे. पण त्यासाठीच सचिन घेतला होता ना, डू ऑर डायचा माणूस म्हणूनच त्याचं नाव आहे. पुढं त्याला ठेवायचा का नाही ते कोच अजय ठाकूर ठरवतील. स्वतः रेडर होते, त्यांना आपल्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. (चारच 😄)

मुंबादेवी_लातूर:
नमस्कार, मी यू मुंबाचा माणूस, लातूरचा, मला इथं हाकलू नका.
तुमचं भांडण वाचून मजा यायलीय. आम्ही तर तिसऱ्या सीझनला पटण्याकडून फायनल हरलो होतो तो स्कोअर पण ३१-२८ च होता, त्यामुळं तुमचं दुःख आम्हाला आकड्यासकट पाठ आहे. आम्ही अजून त्यातून बाहेर आलो नाही. २०१५ चा कप आन् तेव्हाचा कॅप्टन अनुप कुमार, एवढ्यावरच आमचं चाललंय. तुम्ही चार वर्षात तीन फायनल खेळलात आन् तरी रडायलेत. जरा आमच्याकडं बघा.
बाहेरून बघणारा म्हणून सांगतो, पलटनला घ्यायचं ते लेफ्ट कॉर्नरच घ्या. फझल लेफ्ट कॉर्नर, शाडलू लेफ्ट कॉर्नर, दोघं पण गेले, आता विशाल भारद्वाज खेळला, चांगलाच खेळला, पण राइट कॉर्नरला गौरव खत्री आन् आत कव्हरला अबिनेश असताना डावा कोपरा जर बाहेर बसला तर दुसरा कोण? समोरच्या टीमचा उजव्या हाताचा रेडर तिकडंच जाऊन बोनस खाणार. कव्हरनं (कॉर्नरच्या आतल्या डिफेंडरनं) डॅश म्हणजे धक्का मारायला कॉर्नर आधी जाग्यावर पाहिजे ना, कॉर्नरनं पाय धरला की मग कव्हर येतं, कव्हरनं आधी उडी मारली की दोघं पण गेले. हे शाळेतल्या पोराला पण माहिती आहे.
आन् शाडलूचा नाद सोडा. तो ऑक्शनला आला की चार-पाच टीमचे हात वर असतात, तुम्ही मधे पडलात तर फक्त भाव वाढवाल.

पैठणगेट:
@मुंबादेवी भाव वाढवणं ही पण स्ट्रॅटेजी असती दादा, दुसऱ्याची पर्स रिकामी करायची. जनावराच्या बाजारात नाही का, घ्यायचं नसतं पण बोली लावायची. फक्त वेळेवर हात खाली घेता आला पाहिजे, नाहीतर बैल गळ्यात.

गंगाखेड_एक्सप्रेस:
मी जरा वेगळंच विचारतो. सगळे लेफ्ट कॉर्नर, राइट कव्हर करायलेत पण आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यातलं पोरगं पलटनमधे कामून दिसत नाही? अस्लम टाकळीभानचा, म्हणजे श्रीरामपूर तालुका, वैजापूरकडून गोदावरी ओलांडली की आलंच. नदीच्या त्या बाजूला एमव्हीपी तयार होतो आन् ह्या बाजूला काय होतं? आमच्याकडं जत्रेत ६५ किलोचे सामने बघा, मातीवर, हॅलोजन लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, काय पोरं असतात. एक-एक अँकल होल्ड (घोट्याची पकड) असा लागतो की समोरचा उठून आधी पाय जाग्यावर आहे का बघतो. माझा पुतण्याच लेफ्ट कॉर्नर आहे, एकोणीस वर्षांचा, कौतुक म्हणून नाही सांगत (सांगतोच आहे म्हणा). पुण्याचे स्काउट इकडं येतच नाहीत. आपण पलटन-पलटन करायचं, जर्सी घ्यायची, आन् त्यांना मराठवाडा नकाशावर माहितीच नाही.

धाराशिवची_खोखो:
@गंगाखेड तुमच्या दुखण्यावर आमचं मीठ. धाराशिवनं खो-खोला सारिका काळे दिली, अर्जुन पुरस्कार २०२० ला. २०२५ च्या वर्ल्डकपला भारताची कॅप्टन प्रियांका इंगळे, ती मूळची बीड जिल्ह्याची. मुलींच्या फायनलला नेपाळला ७८-४० नी हरवलं. पण ऑक्शन-बिक्शन? अल्टिमेट खो-खो निघाली ती पोरांची. आमच्या पोरींना कोण बोली लावणार, लीगच नाही. तुमच्याकडं निदान भांडायला २ कोटी तरी आहेत. असो, चालू द्या तुमचं, मी लेफ्ट कॉर्नरच्या बाजूनं.

डू_ऑर_डाय_जालना:
@गंगाखेड तुम्ही बोललात ते मनाला लागलं, पण सगळा दोष पुण्यावर टाकू नका. मी थोडंफार पंच म्हणून फिरतो, जे दिसतं ते लिहितो.
आपल्याकडं पोरगं चांगलं खेळतं, स्टेटला निवडून येतं, आन् तिथंच थांबतं. कामून? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला पाहिजे ते सर्टिफिकेट. ते हातात आलं की पोरगं पोलीस भरतीच्या ग्राउंडवर. १६०० मीटर आन् गोळाफेक चालू, कबड्डी बंद. आन् त्याला मी नावं ठेवत नाही, कोरडवाहू चार एकर असलेल्या बापाला पोरगं पोलिसात लागलं पाहिजे का पीकेएलच्या बेंचवर बसलं पाहिजे, सांगा तुम्हीच. ऑक्शनला सगळ्यात खालच्या डी कॅटेगरीची बेस प्राइस ९ लाख होती, ऐकायला लै वाटतं, पण ते एका सीझनचं. गुडघा गेला की संपलं. वर्दी गुडघ्यावर अवलंबून नसती.
दुसरं म्हणजे मॅट. मातीवरचा अँकल होल्ड आन् मॅटवरचा अँकल होल्ड ह्यात फरक आहे. मातीवर रेडरचा पाय घसरतो, तेवढ्यात आपण घुसतो. मॅटवर बूट घालून रेडर असा वळतो की आपला हात पोचेपर्यंत तो लाइनवर. जत्रेतला राजा मॅटवर पहिल्या दहा मिनिटात तीनदा आउट होतो आन् मग म्हणतो पंच पार्शलिटी करायले. (मी तो पंच असतो.) स्काउटला हेच दिसतं, पोराची ताकद नाही दिसत.
आन् एक, ऑक्शनमधून नवं पोरगं वर येत नाही, ती वाट नवीन पोरांच्या कोट्यातली आहे. टीम आधीच ॲकॅडमी आन् युवा कबड्डी सिरीजमधून पोरं बघून ठेवती. पलटनची तर युवा पलटन म्हणून टीमच आहे तिथं. तर स्काउट गंगाखेडच्या जत्रेला येणार नाही, पोरालाच तिथवर जावं लागल.

नांदेड_टू_गचीबावली:
@डू_ऑर_डाय वर्दीचं एकदम खरं. आमच्या गल्लीतले तीन जण असेच, तिघं पण आता पोलिसात, तिघं पण सुट्टीत आले की म्हणतात आपण पीकेएल खेळलो असतो.
पण महाराष्ट्रानं जानेवारी २०१८ ला सीनियर नॅशनल जिंकलं होतं हैदराबादला, रिशांक देवाडिगा कॅप्टन, ११ वर्षांनी. म्हणजे राज्यात माल आहे. नंतर तसं सोनं का नाही आलं, ह्याचं उत्तर पण तुमच्या त्या मॅट आन् वर्दीमधेच असावं थोडंफार.

बीडचा_रेडर:
बरं माझ्या प्रश्नावर या सगळे, धागा परभणीमार्गे कुठंकुठं चालला.
आतापर्यंतचं धरून माझी लिस्ट थोडी बदलतो. अस्लम, पंकज, आदित्य, गौरव, अबिनेश ह्यांना हात लावायचा नाही. एक लेफ्ट कॉर्नर ६०-७० लाखाच्या आत, वय चोवीसच्या आत. एक रेडर जो अस्लम बसला तर डू ऑर डाय घेईल, ह्याला कोटभर गेले तरी चालतील. परदेशी दोन घ्यावेच लागतात नियमानं, ते खेळतील असे घ्या, नुसते पाणी द्यायला नको. शाडलूसाठी बोली लावा पण पैठणगेट म्हणतो तसं, दीड कोटीला हात खाली.

पैठणगेट:
पावणेदोन.

बीडचा_रेडर:
दीड.

मुंबादेवी_लातूर:
दीडला तो तुम्हाला जेवायला पण येणार नाही. आकाश शिंदे तर तुम्ही गेल्या ऑक्शनला ५३ लाखाला बेंगळुरूला जाऊ दिला, आपल्या नाशिकचा पोरगा, एशियन गेम्सचं गोल्ड असलेला. तो आधी परत आणा म्हणतो मी. रेडर पाहिजे ना? बसलाय की तिकडं.

बीडचा_रेडर:
@मुंबादेवी हे मात्र भारी सुचवलं. यू मुंबाच्या माणसानं सांगावं लागलं ह्याचं वाईट वाटायलंय पण.

गंगाखेड_एक्सप्रेस:
@डू_ऑर_डाय_जालना सर, वर्दीचं घरात पण तेच चालू आहे, भाऊ म्हणतो भरतीचा फॉर्म भर. पुतण्याचं वय आहे तोवर एक वर्ष तरी ट्राय करू द्यावं असं मला वाटतं. नेमकं काय करायला सांगू त्याला?

डू_ऑर_डाय_जालना:
दोन्ही करू द्या, रनिंग दोन्हीकडं लागतंच. आधी जिल्हा असोसिएशनच्या निवड चाचणीची तारीख विचारून ठेवा, वयाच्या गटात बसत असला तर ज्युनिअर, नाहीतर सीनियर, जत्रेतली बक्षिसं तिथं कोणी बघत नाही. बूट आजच घ्या आन् आठवड्यातून दोनदा तरी मॅटवर न्या, परभणीत नसल जमत तर संभाजीनगरला कोणाकडं तरी चार दिवस ठेवा. आन् वजन वाढवा म्हणावं, ६५ किलोचा कॉर्नर पीकेएलच्या रेडरला पाय धरून बाहेर घेऊन जातो, म्हणजे रेडर ह्याला घेऊन जातो. मॅटवरचा एखादा व्हिडिओ काढून मला पाठवा, अँकल होल्डला हात कुठं लावतो ते बघून सांगतो.

गंगाखेड_एक्सप्रेस:
रविवारी काढतो आन् पाठवतो सर. बूट कोणते घेऊ तेवढं सांगा.