सोयीची गैरसोय नेमकी कधी होते?

चौकस

नव्या तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. घरबसल्या बिले भरणे, दूरच्या माणसांशी समोरासमोर बोलणे, अनोळखी भागात रस्ता शोधणे ही कामे पूर्वी किती जिकिरीची होती, हे मला चांगले आठवते. तरीही गेल्या काही वर्षांत साध्यासुध्या कामांभोवती यंत्रणांचे इतके थर साचले आहेत की मूळ काम बाजूला राहते आणि आपला वेळ त्या यंत्रणांची मर्जी सांभाळण्यात जातो.

अलीकडचाच अनुभव सांगते. वडिलांच्या वतीने मी एक लांबलचक ऑनलाइन अर्ज भरत होते. माहिती भरून झाली आणि छायाचित्र जोडायची वेळ आली. फाइल मोठी आहे म्हणून ते नाकारले गेले, आणि फाइल लहान केल्यावर चेहरा अस्पष्ट आहे म्हणून पुन्हा नाकारले गेले. ते कसेबसे स्वीकारले गेल्यावर ओटीपी मागितला गेला. तो वडिलांच्या फोनवर येणार होता आणि फोन दुसऱ्या खोलीत होता. त्यांनी संदेश उघडून आकडे वाचून दाखवेपर्यंत पडद्यावर ‘आपले सत्र संपले आहे’ अशी सूचना आली आणि भरलेले सगळे पुसले गेले. कागदी अर्ज असता, तर पेन खाली ठेवून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी भरता आला असता.

कोणती सोय स्वीकारावी आणि कोणती नाकारावी, हे ठरवताना तुम्ही काही कसोटी लावता का? ‘फोन कमी वापरा’ हा सल्ला मला पुरेसा वाटत नाही, कारण अनेक कामांना आता दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

तळटीप

मी अशाच प्रणाली तयार करण्याचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सत्राला मुदत असण्यामागे रास्त कारण आहे: सामायिक संगणकावर कोणी लॉग-इन करून उठून गेले, तर त्या जागी बसणाऱ्याने त्याचा गैरफायदा घेऊ नये. मात्र मुदत संपताना भरलेली माहिती नष्ट करणे सुरक्षेसाठी आवश्यक नसते. ती मसुदा म्हणून जपून ठेवता येते आणि पुन्हा लॉग-इन केल्यावर परत दाखवता येते. तसे केले जात नाही, कारण ते करायला बनवणाऱ्याला जास्त कष्ट पडतात आणि न केल्याचा त्रास त्याला होत नाही.

याविषयी नियम नाहीत असेही नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘डब्ल्यूसीएजी’ ही मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. त्यांच्या २००८ च्या आवृत्तीतच असे म्हटले आहे की, काही अपवाद सोडल्यास, वेळेची मर्यादा वापरणाऱ्याला बंद करता यावी किंवा बदलता यावी; तेही शक्य नसेल, तर मुदत संपण्याआधी सूचना मिळावी आणि एखादी साधी कळ दाबून ती वाढवण्यासाठी किमान २० सेकंद मिळावेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने आणखी एक अपेक्षा घातली: एकाच प्रक्रियेत आधी दिलेली माहिती पुन्हा टंकायला लावू नये. म्हणजे तुम्हाला झालेला त्रास तंत्रज्ञानाने अटळ केलेला नव्हता. तो टाळण्याचा उपाय लिहून ठेवलेला होता आणि तो कोणी अमलात आणला नाही.

पासवर्डचेही असेच झाले. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती वर्षानुवर्षे सुरक्षिततेचा भाग मानली गेली. त्यातून लोक जुन्याच शब्दापुढचा आकडा तेवढा वाढवू लागले आणि नवा पासवर्ड ओळखणे सोपे झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय अशी सक्ती करू नये, असे स्पष्ट केले. तरीही ती सक्ती आजही ठिकठिकाणी भेटते.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: या व्यवस्थेने कोणाचे कष्ट वाचले? पूर्वी कर्मचारी करत असलेली तपासणी, नोंद आणि दुरुस्ती जर आता अर्जदारालाच करावी लागत असेल, तर ते काम कमी झालेले नसते. ते फक्त त्याच्या गळ्यात पडलेले असते.

उत्तरायण

तळटीप यांच्याशी मी सहमत आहे, पण बनवणाऱ्याचा आळस हे एकच कारण नसते. कित्येकदा नवेपणाच्या ओढीने चांगली चाललेली गोष्टही बदलली जाते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘यूएसएस जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. नौकेचे सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण स्पर्शपडद्यांवरून होत असे. वेगाचे नियंत्रण एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे देताना सुकाणूचे नियंत्रणही नकळत तिकडे गेले, आणि सुकाणूवरच्या माणसाला वाटले की नौका हाताबाहेर गेली आहे. त्यानंतर वेग कमी करताना नौकेला पुढे ढकलणाऱ्या पंख्यांपैकी एकाच बाजूचा मंदावला, त्यामुळे नौका डावीकडे वळत गेली. प्रशिक्षणातल्या त्रुटीही चौकशीत पुढे आल्या. पुढे २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचे ठरवले. दांडा कोणत्या स्थितीत आहे हे हाताला न पाहता कळते, पडद्यावर मात्र ते वाचावे लागते.

मोटारींबाबतही हीच जाणीव होऊ लागली आहे. युरोपात मोटारींच्या सुरक्षिततेचे मूल्यांकन करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ पासूनच्या निकषांत दिशादर्शक दिवे, हॉर्न, वायपर अशा मूलभूत गोष्टींसाठी स्वतंत्र, प्रत्यक्ष दाबता येतील अशा कळांना महत्त्व दिले आहे. ज्या कामात नजर दुसरीकडे असायला हवी, ते काम पडद्यावर नेणारी सोय मी नाकारतो.

मंदप्रकाश

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. पण ‘कागद बरा होता’ हा जो सूर मूळ प्रश्नात आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे. माझी दृष्टी अत्यंत क्षीण आहे. कागदी अर्ज माझ्यासाठी कधीच सोपा नव्हता. तो भरण्यासाठी मला माझी खासगी माहिती दुसऱ्या कोणाला तरी सांगावी लागत असे. २००९ मध्ये आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ ही पडदा वाचून दाखवणारी सोय आली आणि गुळगुळीत काचेचा फोन, जो आमच्यासाठी निरुपयोगी ठरेल असे वाटत होते, तो बोटाखालचा मजकूर वाचून दाखवू लागला. आज मी पत्रे स्वतः वाचतो आणि पैशांचे व्यवहार स्वतः करतो. हे स्वातंत्र्य सोडून मागे जाण्याची माझी तयारी नाही.

अडवणूक मलाही होते आणि बहुधा तुमच्यापेक्षा जास्त होते. चित्रांतील वाहने ओळखून आपण यंत्र नाही हे सिद्ध करा, असे सांगितले की माझे काम तिथेच थांबते. ध्वनीचा पर्याय असला, तरी त्यात मुद्दाम इतका गोंगाट मिसळलेला असतो की चांगल्या कानांनाही शब्द लागत नाहीत. त्यामुळे नवे की जुने, हा माझ्यासाठी प्रश्नच नाही. एकाच कामाला किमान दोन वाटा आहेत का, एवढेच मी पाहतो. एक वाट बंद झाल्यावर काम अडत असेल, तर ती वाट कितीही सुबक असली तरी मी तिला सोय म्हणणार नाही.

साधेपण

थोडक्यात लिहितो. कोणतेही नवे उपकरण किंवा अ‍ॅप घेण्याआधी मी पाहतो की वीज नसताना, नेटवर्क नसताना किंवा फोन हरवल्यावर हे काम कसे होईल. जवळच्या माणसांचे क्रमांक आणि फोन नसतानाही खाते उघडता यावे म्हणून मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून कुलपात ठेवले आहेत. माणसांकडून येणारे संदेश सोडून बाकीच्या सगळ्या सूचना बंद केल्या आहेत.

चौकस

सर्वांचे आभार. मंदप्रकाश, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. कागद परत आणण्यापेक्षा दुसरी वाट खुली ठेवण्याची मागणी करणेच योग्य ठरेल. ज्यांच्या अर्जाने आमची माहिती पुसली, त्यांना मी लेखी तक्रार पाठवणार आहे. तळटीप, त्या २० सेकंदांच्या नियमाचा क्रमांक सांगाल का?

तळटीप

निकष २.२.१. सोबत ३.३.७ चाही उल्लेख करा, तो पुन्हा माहिती भरायला लावण्याबद्दल आहे. मसुदा जपून ठेवण्याची मागणी मात्र वेगळी लिहा. ती एकाच वाक्यात मिसळली, तर मुदत थोडी वाढवून तक्रार निकाली काढली जाईल.