रिमूव्हर नको, थिनर घाला
घट्ट झालेल्या नेलपॉलिशमध्ये थोडं रिमूव्हर टाकायचं, असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. नेलपॉलिश घट्ट होतं ते त्यातले इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट असे द्रावक उडून गेल्यामुळे. नेलपॉलिशच्या थिनरमध्ये साधारण हेच द्रावक असतात, म्हणून दोन-तीन थेंबांत काम होतं. थेंब टाकल्यावर थोडा वेळ थांबा, मग बाटली तळव्यांमध्ये धरून घोळवा. जोरात हलवली की बुडबुडे येतात आणि ते नखावरही उमटतात. रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोनसोबत बहुधा पाणी आणि तेलही असतं. त्याने रंग तेवढ्यापुरता पातळ होतो, पण नंतर नखावर नीट धरत नाही.

माझ्या मते खरी काळजी बाटलीच्या तोंडाची घ्यायला हवी. आट्यांवर रंग सुकून साचला की झाकण पूर्ण बसत नाही आणि त्या फटीतून द्रावक उडत राहतात. लावून झालं की कापसाला किंचित रिमूव्हर लावून तोंड आणि आटे पुसून घ्या. कापसाचे धागे मात्र आत पडू देऊ नका. बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या तर रंग आट्यांत शिरतो आणि झाकण चिकटून बसतं. चिकटलंच तर ते गरम पाण्यात धरा. आचेजवळ अजिबात नेऊ नका, हे द्रावक चटकन पेट घेतात.

फ्रिजची गरज नाही, उन्हापासून लांब असलेला बंद कप्पा पुरतो. जेल पॉलिश (यूव्ही दिव्याखाली कडक होणारं) तर उजेडात बाटलीतच घट्ट होऊ लागतं. त्यात हा थिनरही चालत नाही.