डार्क मोड टाकला तर मामा म्हणायलेत "हे बंद कर"

लातूरचा_कोडवाला:
राम राम मंडळी. एका आडतवाल्या मामांसाठी मोंढ्यातले भाव दाखवायचं छोटं वेब अॅप करायलोय. रात्री थ्री फेज लाईट आली की शेतकरी मोटार चालू करायला रानात जातात आन तिथंच बांधावर बसून मोबाईलात भाव बघतात, म्हणून म्हटलं डार्क मोड (काळ्या पाटीवर उजळ अक्षरं) देऊ. खरं सांगतो, सीएसएसमधी (पेजचं रंगरूप ठरवणारा कोड) फिल्टर इन्व्हर्ट, म्हणजे सगळे रंग उलटे करणारी ओळ, टाकून मोकळा झालो. आता सोयाबीनचा ढीग निळाशार दिसायलाय, भाव पडल्याचा लाल बाण आकाशी झालाय आन मामा म्हणायलेत अक्षरं डोळ्याला झोंबायलीत. काय करू?

परभणी_पिक्सेल:
निळं सोयाबीन 😂 आधी ते इन्व्हर्ट काढ. गडद थीमचे रंग वेगळे ठरवावे लागतात, उलटे करून जमत नाही. बॅकग्राउंड कुट्ट काळं नको, गूगलच्या मटेरियल डिझाइनमधी १२१२१२ या कोडचा राखाडी-काळा रंग सुचवलाय, तो घे. अंधारात सावली दिसतच नाही, म्हणून वरचं कार्ड जरा उजळ राखाडी ठेव, मग ते उठून दिसतं. अक्षरं पांढरीफक नको, मुख्य मजकूर ८७ टक्के पांढरा आन तारीख-बिरीख ६० टक्के. बाणाचं म्हणशील तर नेहमीचा गडद लाल (सी६२८२८) त्या काळ्यावर ३.३ च्या आसपासच कॉन्ट्रास्ट (अक्षर आन पाटीतला उजेडाचा फरक) देतो, बारीक अक्षराला किमान ४.५ पाहिजे. फिकट, गुलाबीकडं झुकणारा लाल घे. आन नुसत्या रंगावर सोडू नको, बाण राहू दे, लाल-हिरवं न कळणारे पण असतात.

बीडवाली_ताई:
मामांना चष्मा आहे का विचार. मला सिलिंडरचा नंबर आहे (डोळ्याचा बाक सगळीकडून सारखा नसतो तो), काळ्यावर पांढरं वाचायला गेलं की अक्षराभोवती धुकं धरल्यासारखं होतं, दोन मिनिटात डोकं धरतं. आणि आपली देवनागरी अजून अवघड, गडद पाटीवर अक्षर आहे त्यापेक्षा जाड वाटतं. "क्विंटल" लिहून बघ बारीक साईजमधे, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर सगळं एकात एक भरून जातं. फॉन्टचं वजन (जाडी) ५०० असेल तर ४०० कर, दोन ओळीतलं अंतर १.६ च्या वर ने.

जालना_जुगाडू:
सगळं खरं, पण दुपारी बारा वाजता मोंढ्यात डार्क मोड उघडून बघा एकदा, भाव सोडून स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणून प्रेफर्स-कलर-स्कीमवर (फोन लाईटवर आहे का डार्कवर ते सांगणारी सीएसएसची सोय) फोनची सेटिंग उचल, पण वरून लाईट, डार्क, सिस्टीम अशी तिन्ही बटणं दे. आन "बॅटरी वाचते" म्हणून मामांना गंडवू नको, एलसीडी स्क्रीनचा मागचा दिवा जळतच राहतो, खरा फायदा ओएलईडी स्क्रीनला, तिथं प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तिथं बी पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मधी मोजलं तर ३०-५० टक्के ब्राइटनेसला ३ ते ९ टक्केच बचत, फुल ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७.

लातूरचा_कोडवाला:
इन्व्हर्ट काढलं, रंग नवे टाकले, ताई तुमचं क्विंटलचं एकदम बरोबर निघालं. मामा आता काही बोलना गेलेत म्हणजे पास समजायचं 🙂 एकच राहिलंय, डार्क निवडून ठेवलेला असला तरी पेज उघडताना आधी पांढरं भक्कन चमकतं, रात्री अंधारात तर टॉर्च मारल्यासारखं.

परभणी_पिक्सेल:
थीम वाचायचा कोड पेजच्या शेवटी टाकला असशील. लोकल स्टोरेज (ब्राउझरमधी जपून ठेवलेली निवड) वाचायच्या दोन ओळी वर हेडमधी, म्हणजे पेजच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात, थेट लिही, सीएसएसच्या आधी, वेगळ्या फाईलीत नको. आन रूटला (पेजच्या सगळ्यात बाहेरच्या टॅगला) कलर-स्कीम डार्क लाव, मग स्क्रोलबार आन गाव निवडायचा ड्रॉपडाऊन बी काळे होतात, नाहीतर तेवढेच पांढरे राहतात.