बाबांसोबत इंग्लंडातली कौंटी टॉप्स: बूट कोणते, सुरुवात कुठून? (बजेट ७५ पौंड)

अवेळी_पाऊस
नमस्कार मंडळी. मी रेडिंगला असते. बाबा (वय ६७) जूनमध्ये तीन महिन्यांसाठी नाशिकहून येताहेत. मागच्या खेपेला घरात बसून इतके कंटाळले की आमच्या बागेतलं गवत दोनदा कापलं आणि मग शेजाऱ्यांचंही कापून दिलं. यंदा काहीतरी उद्योग हवा म्हणून त्यांना फोनवर सांगितलं, की इथे काही लोक प्रत्येक कौंटीतली (म्हणजे इथल्या जिल्ह्यातली) सर्वांत उंच जागा, म्हणजे 'टॉप', गाठत फिरतात, यादीवर टिक करतात. बाबा बँकेत होते. यादी आणि टिक म्हटल्यावर गडी खूश. आता रोज विचारतात, "आपली पहिली कुठली?"

आमच्याकडे गाडी नाही. बाबांचा उजवा गुडघा चढताना ठीक असतो, उतरताना दुखतो. बाबांचे बूट आणि एखादा नकाशा मिळून ७५ पौंडांच्या वर जायचं नाहीये. कृपया "थोडं बजेट वाढव" असं कुणी सांगू नका.

दऱ्याखोऱ्यांतला
थोडं बजेट वाढव. बुटात काटकसर करू नये हे मी अनुभवाने सांगतो. माझे इटालियन चामड्याचे आहेत, २१० पौंडांना घेतले, सात वर्षं झाली, अजून नवे दिसतात. सुरुवात थेट स्काफेल पाइकने करा. ९७८ मीटर, कंब्रियाचं टॉप आणि अख्ख्या इंग्लंडचंही. एकदा ते झालं की बाकीची किरकोळ वाटतात. मी सीथवेटकडून गेलो होतो, वर शेवटी नुसते धोंडेच धोंडे, मजा येते.

सव्वाशेर
+१. बुटात काटकसर नको.

आजीचा_बटवा
अहो दऱ्याखोऱ्यांतले, तिने गुडघा म्हटलंय, गुडघा! धोंड्यांवरून उतरवताय होय सदुसष्ट वर्षांच्या माणसाला?

अगं पाऊस, माझं ऐक. लीथ हिलला जा. सरेचं टॉप, २९४ मीटर. रेडिंगहून डॉर्किंग डीपडीनला थेट गाडी आहे. तिथून आठेक किलोमीटर चाल, किंवा टॅक्सी. होमवूड स्टेशन जास्त जवळ पडतं, पण तिथे रविवारी गाडी थांबत नाही, हे लक्षात ठेव. आम्ही नव्हतं ठेवलं. वर १७६५ सालचा मनोरा आहे, रिचर्ड हल नावाच्या गृहस्थाने बांधलेला, आणि तो स्वतः त्याच्याच खाली पुरलेला आहे. मनोऱ्यावर चढलं की हजार फुटांच्या वर जातो आपण. खाली चहा-केक मिळतो. ह्यांना केक आवडला, मनोरा नाही.

बूट काय, कुठलेही घे. दोन काठ्या मात्र घे. उतरताना काठ्यांची लांबी थोडी वाढवायची, म्हणजे भार गुडघ्यावर न येता हातांवर येतो. हे मला फिजिओने सांगितलं तेव्हा दोन वर्षं उलटं करून झालं होतं.

नगरी_ठसका
२९४ मीटर? डोंगर म्हणायचा का ह्याला? काका नाशिकचे ना? कळसूबाई १६४६ मीटर. नाशिक शहरच ६०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे काका घरात बसून लीथ हिलच्या दुप्पट उंचीवर असतात. :)

अवेळी_पाऊस
हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग मी इकडेच टिक करतो." कळसूबाई त्यांनी चार वेळा केलीय, शिड्यांसकट. आमच्या नाशिकची शान आहे म्हणतात.

नगरी_ठसका
नाशिकची?? कळसूबाई अकोले तालुक्यात. बारी गाव अकोल्यात. अकोले कुठल्या जिल्ह्यात, ते काकांना विचारा. नाशिकने आपलं साल्हेर सांभाळावं, १५६७ मीटर, चांगलं आहे तेही.

तिखट_शेव
शिखर सीमेवर आहे हो. इगतपुरीकडून पण वाट आहे.

नगरी_ठसका
वाट असली म्हणून मालकी होत नाही.

नकाशेवाला
अवांतर चाललंय, पण मुद्दा तोच आहे: सीमा कुठली धरायची? धागाकर्तीने आधी हे ठरवावं, नाहीतर पुढे पस्तावाल. "कौंटी" म्हणजे जुन्या, ऐतिहासिक कौंट्या, की आजच्या सेरेमोनियल (नावापुरत्या, मानाच्या) कौंट्या? ऐतिहासिक धरल्या तर इंग्लंड ३९, वेल्स १३, स्कॉटलंड ३४. सेरेमोनियल धरल्या तर एकट्या इंग्लंडमध्ये ४८. १९७४ मध्ये सीमा हलवल्या तेव्हा बर्कशायरचा उत्तरेकडचा लचका ऑक्सफर्डशायरला गेला. आज ऑक्सफर्डशायरचं टॉप असलेली व्हाइटहॉर्स हिल (२६१ मी.) जुन्या हिशेबात बर्कशायरमध्येच येते. ग्रेटर लंडनचं टॉप वेस्टरहॅम हाइट्स, २४५ मीटर, ते पूर्वी केंटमध्ये.

शिवाय आकड्यांची भानगड वेगळीच. डॉर्सेटमध्ये लोक वर्षानुवर्षं पिल्सडन पेनला टॉप समजून चढले. ते २७७, आणि शेजारची ल्यूज्डन हिल २७९. बकिंगहॅमशायरला सगळे कूम हिलवर जाऊन बोअर युद्धाच्या स्मारकापाशी फोटो काढतात, पण खरं टॉप वेंडोव्हरच्या जंगलातली हॅडिंग्टन हिल, २६७. तिथे झाडीत एक दगड आहे, बस्स.

सव्वाशेर
कूम हिल छान आहे. स्मारकापाशी फोटो मस्त येतात.

मक्याचे_कणीस
आयोवाहून लिहितोय. तुमचं बरं आहे. अमेरिकेत तीन हजारांवर कौंट्या, आयोवात ९९, टेक्ससात २५४. अख्ख्या आयोवाचं सर्वोच्च ठिकाण, हॉकाय पॉइंट, ५०९ मीटर, एका जुन्या शेताच्या जागेवर आहे. सपाट कौंटीत नकाशावर सारख्याच उंचीचे पाच-सात उंचवटे दिसतात, नक्की उंच कुठला ते ठरत नाही. मग नियमाने सगळे पायाखाली घालावे लागतात. मी सोयाबीनच्या बांधावर उभा राहून शेतकऱ्याला समजावत होतो, की मला तुझ्या शेतातल्या त्या टेकाडावर दोन मिनिटं उभं राहायचंय. तो म्हणाला, "कुठलं टेकाड?"

पण त्याने जाऊ दिलं. विचारलं तर बहुतेक जण देतात. न विचारता जाऊ नका, इथे बंदुका असतात.

दऱ्याखोऱ्यांतला
बुटांचं काय ठरलं?

अवेळी_पाऊस
बाबा म्हणतात नवे नकोत, माळ्यावर त्यांचे २०१२ चे ट्रेकिंगचे बूट आहेत, दोनदाच घातलेले, तेच आणतील. मला कल्पना पटली. ७५ पौंड वाचले.

चिकूबर्फी
थांबा थांबा थांबा. बूट न घालता वर्षानुवर्षं ठेवले की मरतात. माझ्या नवऱ्याचे असेच कपाटात आठ वर्षं. क्लीव्ह हिलवर (ग्लॉस्टरशायर, ३३० मी., वर चक्क गोल्फ खेळतात) अर्ध्या वाटेत उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला. दहा मिनिटांनी डावा. माझ्या ओढणीच्या दोन पट्ट्या फाडून बांधले. समोरून गोल्फवाले येत होते, त्यांनी नजर वळवली, इतके ते सभ्य.

तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये जो फोमसारखा पॉलियुरेथेनचा थर असतो, तो हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वरून कळत नाही. उलट वापरातले बूट जास्त टिकतात. काकांना सांगा, बूट हातात घेऊन तळ दोन्ही टोकांनी जोरात वाकवा, आणि अंगठ्याने मधला थर दाबा. भेग पडली किंवा भुगा निघाला तर तिथेच टाका.

अवेळी_पाऊस
आत्ताच व्हिडिओ कॉलवर केलं. बाबांनी वाकवला आणि टाच हातात आली. आईने विचारलं, फरशीवर हे काळं काय सांडलंय. चिकूबर्फी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

दऱ्याखोऱ्यांतला
म्हणून म्हणत होतो, चामड्याचे घ्या.

तिखट_शेव
डेकॅथलॉनमध्ये ७५ च्या आत सहज मिळतात. मी ४० च्या जोडीवर ब्राऊन विली (कॉर्नवॉल, ४२० मी.) केलं. हो, नाव तेच आहे ('विली'चा इंग्रजीत चावट अर्थ होतो), हसून घ्या. मोजे मात्र लोकरीचे घ्या, पैसे तिथे घाला. आणि बूट संध्याकाळी घालून बघा, तेव्हा पाय फुगलेले असतात.

सव्वाशेर
+१ डेकॅथलॉन. आणि बुटात काटकसर नको.

आजीचा_बटवा
हे बघ, तुझ्या बाबांसाठी बुटांपेक्षा वाटेतल्या त्या स्टाइल्स त्रासाच्या. कुंपण ओलांडायला लाकडी फळ्या असतात ना, त्या. चढून पाय पलीकडे टाकायचा आणि उतरायचं, एका चालीत पंधरा वेळा. वाट निवडताना ते बघ. किसिंग गेट असली तर बरं, एकेकाने आत शिरून फाटक ढकलायचं. नाव सांगू नकोस बाबांना. ह्यांना सांगितलं तर मागे फिरले होते.

गवतातून फुलपँट घालून जा, घरी आल्यावर गोचिडी तपास. आणि गाई! वासरं असतील तर लांबून जा. आपल्याकडच्या गाईसारखी पाठ थोपटायला जाऊ नये, इथे लोक तुडवले गेलेत.

नकाशेवाला
रेडिंगला राहून बर्कशायर सोडून सरेने सुरुवात करणं मला तरी अशास्त्रीय वाटतं. वॉलबरी हिल, २९७ मीटर, तुमच्याच कौंटीचं टॉप, आणि लीथ हिलपेक्षा उंच. रेडिंगहून गाडीने किंटबरी, तिथून सरळ रेषेत साडेपाच, पायवाटेने सातेक किलोमीटर. वर लोहयुगातल्या किल्ल्याची तटबंदी आहे. शेजारच्या टेकडीवर कूम गिबेट, १६७६ मध्ये एका जोडप्याला खुनाबद्दल टांगलं ते ठिकाण. खांब नंतर बदललेला आहे. तिथूनच वेफेअरर्स वॉक नावाच्या पायवाटेने तासाभराच्या चालीवर पायलट हिल, २८६ मीटर, हॅम्पशायरचं टॉप. एका दिवसात दोन कौंट्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथलं सरकारी नकाशा खातं) एक्सप्लोरर १५८ नंबरचा नकाशा लागेल. विकत घेतलात तर सोबत कोड मिळतो, तोच नकाशा फोनवर उतरवता येतो. नाहीतर आधी लायब्ररीत विचारा.

एक सूचना. वॉलबरीचा ट्रिग पिलर (उंची-अंतर मोजणीसाठी बांधलेला खांब) वाटेवर नाही, कुंपणापलीकडच्या गवतात आहे.

दऱ्याखोऱ्यांतला
पिलरला हात लावल्याशिवाय टॉप झालं म्हणता येत नाही.

मक्याचे_कणीस
पिलर नेहमी सर्वोच्च जागी असतोच असं नाही पण. तो मोजणीच्या सोयीने बसवलेला.

तिखट_शेव
डोंगरात अडचण आली आणि फोन लागला तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर, पोलिस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. रेंज कमी असेल तेव्हासाठी ९९९ वर आधीच 'रजिस्टर' असा मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवा, मग मेसेजनेही मदत मागता येते. हे कुणीच सांगितलं नाही, सगळे बुटात अडकलेत.

अवेळी_पाऊस (चार आठवड्यांनी)
मंडळी, अपडेट. बूट घेतले नाहीत.

बाबा आले ते त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या कापडी बुटांत. दुकानात नेलं. तीन जोड घालून बघितले, बाकावर बसून उठून झालं, किंमत वाचली, रुपयांत गुणाकार केला, आणि बूट पुन्हा खोक्यात टिश्यूसकट नीट घालून ठेवले. लोकरीचे मोजे घेतले. काठ्या घेतल्या. नकाशा लायब्ररीतून. उरलेले पैसे टॅक्सीत घातले: किंटबरी स्टेशनपासून टेकडीवरच्या पार्किंगपर्यंत, आणि परत. पाऊस नव्हता, आठवडाभर जमीन कोरडी होती, म्हणून कापडी बुटांवर निभावलं. दऱ्याखोऱ्यांतले, नकाशेवाले, दोघेही रागवाल, माहीत आहे. चढण अशी आम्ही केलीच नाही फारशी.

आधी गिबेट बघितलं. बाबा वर बघत राहिले आणि म्हणाले, "गुन्हा केला गावात आणि टांगलं डोंगरावर, म्हणजे सगळ्या तालुक्याला दिसावं." मग वॉलबरीकडे निघालो. डोक्यावर तांबड्या घारी. वाटेवर पांढरा चुना, बाबांच्या कापडी बुटांना पिठासारखा चिकटला. पिलर दिसला. मधे कुंपण, फाटक, आणि फाटकापलीकडे नऊ गाई आणि तीन वासरं. आजी, तुमची आठवण झाली.

मी म्हटलं, कडेकडेने जाऊ. बाबा फाटकाला हात लावून थांबले. म्हणाले, "गुरं त्यांची, रान त्यांचं. आपण कशाला शिरायचं?" तिथेच उभं राहून डबा खाल्ला. गाई आमच्याकडे बघत होत्या, आम्ही पिलरकडे. तासभर थांबलो, गाई हलल्या नाहीत.

घरी येऊन बाबांनी वही काढली. लेजरसारखे रकाने आखलेत. कौंटी, टेकडी, उंची, दिनांक. टिक केली नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं: "शिल्लक – ४० पावले."

नकाशेवाला
मग बर्कशायर झालेलं नाही. आणि ४० कशी मोजली?

अवेळी_पाऊस
नजरेने. बाबा म्हणतात खातं उघडंच राहू द्या, गाई गेल्या की येऊ.

नगरी_ठसका
काकांना मानलं. कळसूबाईचं मात्र त्यांनी कबूल केलं का?

मक्याचे_कणीस
शेतकऱ्याला विचारायचं होतंत की.

सव्वाशेर
लीथ हिल करा. वर मनोरा आहे, केक पण मिळतो.

अवेळी_पाऊस
हो, तेच ठरलंय. येत्या रविवारी. डॉर्किंगहून लांब पडतं, म्हणून होमवूडला उतरणार आहोत.

आजीचा_बटवा
अगं रविवारी होमवूडला गाडी थांबत नाही! वर लिहिलंय ना मी!