मदत हवी: नागपुरात कार्यक्रम न आखता कसं भटकावं?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरला येतेय. मिस्टरांचं ऑफिसचं ट्रेनिंग आहे, मी आपली त्यांच्या मागून. ते सकाळी नऊला गेले की संध्याकाळी सहालाच उगवणार, मधला सगळा दिवस माझा. मुक्काम धरमपेठेत, शंकर नगरच्या बाजूला. शहर कधीच पाहिलेलं नाही. आम्हा चिपळूणकरांचा नागपूरशी संबंध म्हणजे संत्री आणि बातम्यांतलं मे महिन्याचं तापमान.

आमच्या नणदेच्या यजमानांनी नोकरीची काही वर्षं तिथे काढलीत. त्यांनी प्रेमाने मला तासातासाचं वेळापत्रक करून पाठवलंय. १०.१५ दीक्षाभूमी, ११.०० झिरो माइल, ११.२० पुढचं काहीतरी. त्यात चहाला जागा नाही, दमायला तर नाहीच. मला असं फिरायचं नाहीये. एका भागात उतरावं, पाय नेतील तिकडे जावं, दुकानांच्या पाट्या वाचाव्यात, कुणी बोललं तर दोन शब्द बोलावेत, कंटाळा आला की परत यावं. पण अनोळखी गावात नुसतं 'फिर' म्हटलं की माणूस तासाभरात मॉलमध्ये एसी खात बसलेला सापडतो, हेही खरं.

तर, चालत भटकण्यासारखे भाग कोणते? एकटी बाई भरदुपारी गल्लीबोळांत शिरली तर काही अडचण? आणि आधी ठरवावंच लागेल असं काही आहे का? 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' कृपया नकोत, हात जोडते. मासे खाणाऱ्या जिभेला सावजी झेपेल का, तेही सांगा.

संत्रानगरी

या या, स्वागत आहे! दीक्षाभूमी, अजब बंगला, झिरो माइल, महाराजबाग, रामन विज्ञान केंद्र, अंबाझरी, फुटाळा, तेलंगखेडी. एक दिवस रामटेक. एक दिवस कामठीचं ड्रॅगन पॅलेस.

भरतीओहोटी

दादा, हात जोडले होते हो.

बर्डीवाला

ताई, आमच्या गावाची एक गोष्ट ध्यानात ठेवा, बाकी सगळं आपोआप जमतं. रेल्वे लाइननं नागपूरचे दोन तुकडे केलेत. लाइनच्या पूर्वेला जुनं नागपूर: महाल, इतवारी, गांधीबाग. तिथं दुकानाला दुकान चिकटलेलं, गल्लीतून गल्ली निघते, पायी फिरण्यातच मजा. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ. रुंद रस्ते, मोठी झाडं, कंपाउंडाच्या भिंती. सुंदर आहे सगळं, पण पाट्या वाचायच्या म्हटल्या तर सिव्हिल लाइन्समध्ये अर्धा किलोमीटर चालून एक पाटी सापडेल, तीही सरकारी. तिकडं सकाळी जायचं, झाडांसाठी. ते सेमिनरी हिल्सही त्यातलंच.

म्हणून मी काय म्हणतो, ठिकाणं ठरवूच नका, वेळ ठरवा. सकाळ कुठल्या बाजूला नि दुपार कुठल्या, एवढंच. डिसेंबरात सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर आणा (कोकणातले लोक आणत नाहीत आणि मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, विकत घेतात). दुपारचं ऊन त्या दिवसांत गोड असतं, डोक्यावर घेऊन फिरलं तरी चालतं. मेमध्ये हाच धागा काढला असता तर मी 'घरी बसा' लिहिलं असतं.

तुमचं नशीब असं की शंकर नगरला मेट्रोचं स्टेशन आहे. ती अ‍ॅक्वा लाइन. गाडी न बदलता सीताबर्डी, रेल्वे स्टेशन करत थेट चितार ओळी चौकाला नेऊन सोडते, म्हणजे जुन्या शहराच्या ऐन पोटात. आणि पहिल्या दिवशी काहीच सुचलं नाही तर उलट्या दिशेची, लोकमान्य नगरची गाडी धरा. वाटेत अंबाझरीचं पाणी दिसतं. शेवटपर्यंत जा, त्याच लाइननं परत या. शहर केवढं आहे त्याचा अंदाज वरून येतो तसा खालून येत नाही.

इतवारीची लेक

बर्डीवाले दादा बरोबर सांगून राहिले. मी चितार ओळीजवळच वाढलेली, म्हणून थोडी भर घालते.

चितार ओळ म्हणजे मूर्तिकारांची गल्ली. गणपती आणि देवीच्या हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आधी लाकडी बैलांची रांग लागते, वीतभर बैलापासून पोराला वर बसवता येईल एवढ्या बैलापर्यंत. तुम्ही येताय तेव्हा ती घाई नसेल, आणि माझ्या मते बोलायला तीच वेळ चांगली. एखाद्या दारात तणसाचा सांगाडा भिंतीला टेकवलेला असेल, त्याला मातीचा पहिला हात दिलेला. उभं राहून बघितलं तर कोणी हाकलत नाही. फोटो मात्र विचारून काढा.

तिथून महाल पायी होतो. बडकस चौक विचारत जा. वाटेत जुने वाडे लागतात. काहींच्या दर्शनी भागात आता मोबाइलची दुकानं, पण मान वर केली की मजल्यावर कोरीव लाकूड तसंच. आणखी पुढे गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, आणि त्याच्या पलीकडे शुक्रवारी तलाव. पाटीवर गांधीसागर लिहिलेलं असेल, एकच तो. गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून शहर वसवलं आणि पुढे भोसल्यांनी राजधानी केली ती ह्याच भागात, त्यामुळे इथे चुकलात तरी चुकून काहीतरी जुनंच सापडेल.

एकटीचं म्हणाल तर भरदुपारी ह्या गल्ल्यांत बायकाच बायका असतात. भांड्यांना, सोन्याला, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या. त्रास गर्दीचा आणि गाड्यांचा. गल्ली सहा फुटांची असली तरी त्यात दोन स्कूटर समोरासमोर येतात आणि दोघांनाही आधी जायचं असतं. पर्स पुढे घ्या, बस.

भरतीओहोटी

हे पाहिजे होतं मला! लेकीला आणि दादांना धन्यवाद. आता 'आधी ठरवावंच लागेल' ते सांगा कुणीतरी. सीताबर्डीचा किल्ला वेळापत्रकात दुपारी तीनला टाकलेला आहे.

मोर्चातला माणूस

किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सोडतात. तुमच्या नंदोईंना कळवा. खालून टेकडी गणपतीचं दर्शन घ्या आणि १८१७ ची लढाई ह्याच टेकड्यांवर झाली एवढं मनात आणा, झालं.

ठरवायच्या गोष्टी तीनच. एक, डिसेंबरात बहुधा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. हॉटेलं भरतात, भाव चढतात, खोली पक्की केली नसेल तर आजच करा. विधान भवन, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड ह्या पट्ट्यात मोर्चे येऊन राहतात, रस्ते बंद होतात. तेवढे दिवस तिकडं ऑटोनं जाऊ नका, मेट्रोनं वरून जा. (एक दिवस मुद्दाम पायी जाऊन बघा खरं तर. गावोगावचे लोक, हातात फलक, रस्त्यावरच बसून शिदोरी सोडलेली. अख्खा महाराष्ट्र दिसतो.)

दोन, परतीचं तिकीट. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांमुळे त्याच्या आधी मुंबईकडच्या गाड्यांना तुफान गर्दी असते. तुम्हाला मुंबईवरून जायचं असेल तर तारीख बघून घ्या.

तीन, अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, सोमवारी बंद.

खमंग_काकू

सगळे किल्ल्यावर बोलून राहिले, पोरीच्या जेवणाचं कोणी बोलेना! सकाळी हॉटेलात नाश्ता करू नको गं. चौकातल्या ठेल्यावर तर्री पोहे खा. पोह्यावर हरभऱ्याची तर्री, वरून चिवडा नि कांदा. पहिल्या दिवशी 'तर्री वेगळी द्या' म्हण, मग आपल्या हातानं घाल. त्या दिवसांत आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर असतात. एक सोलून मागायची, आंबट निघाली तर पुढच्या गाडीवर. आणि सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) दिसली की सोडायची नाही.

सावजी झेपेल. तिखट आहे, पण नुसत्या मिरचीचं नाही, भाजलेल्या काळ्या मसाल्याचं आहे, ते उशिरा चढतं. मूळ हलबा कोष्टी लोकांच्या घरचं जेवण ते. मटण नको असेल तर पाटोडी रस्सा घे, बेसनाच्या वड्यांचा. मात्र दुपारी एकटी जाण्यापेक्षा मिस्टरांना घेऊन रात्री जा. जुन्या भोजनालयांत बसायला दाटी असते आणि मंडळी बहुतेक पुरुष.

संत्रानगरी

काकू, कोकणातल्या माणसाला पहिल्याच रात्री सावजी? ट्रेनिंगला दांडी पडेल मिस्टरांची.

खमंग_काकू

पडू दे की. दिवसभर हिच्यासोबत भटकतील.

भरतीओहोटी

काकू, ट्रेनिंगला हजेरी कंपल्सरी आहे, शुक्रवारी रात्री नेते त्यांना सावजीला. खोली पक्की आहे, परतीचं ५ तारखेचं होतं ते आत्ताच बदलून ११ चं केलं. दीक्षाभूमीचं सांगा ना जाताजाता. ती मला वेळ लावून बघायची नाहीये, निवांत बसायचं आहे. केव्हा जाऊ?

इतवारीची लेक

सकाळी लवकर, शंकर नगरहून ऑटोनं जवळ आहे. स्तूप बाहेरून भरीव वाटतो, आत मात्र मोठं पोकळ दालन आहे, चप्पल काढून जायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली ती हीच जागा. बाहेर बोधिवृक्षापाशी बसा, कोणी उठवत नाही. फक्त ६ तारीख टाळा, किंवा गर्दीच बघायची असेल तर तीच धरा. ऑटोवाल्याला भाडं आधी विचारून घ्या.