केळीच्या बागेत सापडलेले कोल्ह्याचे पिल्लू घरी वाढवता येईल का?

पिलबाग (यावल तालुका)

सर्वांना नमस्कार. परवा सकाळी काढणी संपलेल्या पिलबागेतील (केळीच्या खोडव्यातील) जुनी खोडे तोडून बांधाला लावत असताना नाल्याच्या काठावर आमच्या सालदाराला एक पिल्लू सापडले. आम्हाला ते गावठी कुत्र्याचेच वाटले, परंतु त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि सांगितले, "हाई कुत्रानं पिलू नही शे, कोल्हानं शे." डोळे उघडलेले आहेत, चालताना थोडे धडपडते, अंगावरचे केस मातकट काळसर आहेत. जवळपास मोठे जनावर दिसले नाही, म्हणून उन्हात मरेल या भीतीने आम्ही ते घरी आणले.

आता अडचण अशी की माझ्या आठ वर्षांच्या मुलाला त्याचा फार लळा लागला आहे. गाईचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजतो, पिल्लू त्याच्या मांडीवर झोपते, आणि आमचा मोती नावाचा कुत्राही त्याला फक्त हुंगून बाजूला होतो. माझी आई म्हणते की सकाळी कोल्ह्याचे तोंड दिसणे शुभ असते, तेव्हा ते घरातच असले तर बिघडले कुठे? कुत्रा हा मुळात लांडग्यापासूनच झाला आहे, असे आपण शाळेत शिकलो. मग लहानपणापासून माणसांत वाढवले, वेळेवर लसी दिल्या आणि मोतीची सोबत मिळाली, तर कोल्हा कुत्र्यासारखा राहणार नाही का? कायद्याची काही अडचण येते का, हेही कृपया जाणकारांनी सांगावे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. दोन्ही रात्री नाल्याच्या बाजूने बराच वेळ कोल्हेकुई ऐकू आली.

गोठ्यावरचा डॉक्टर

मी व्यवसायाने पशुवैद्यक आहे, त्यामुळे आधी तातडीचे लिहितो. गाईचे दूध ताबडतोब बंद करावे. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या मादीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात आणि दुग्धशर्करा कमी असते. गाईच्या दुधाने या पिल्लांना हगवण लागते आणि इतक्या लहान जिवाच्या शरीरातील पाणी एका दिवसातही धोकादायक पातळीवर उतरू शकते. ते थंड पडले असेल तर आधी उबेला ठेवावे, कारण थंड अंगाच्या पिल्लाला पाजलेले पचत नाही. मोतीला त्याच्यापासून लांब बांधावे. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून रानातल्या प्राण्यांत आणि उलटही जातात. 2018 मध्ये गीरचे सिंह मेले, त्यामागे याच डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न तुमच्या मुलाचा आहे. पिल्लाने त्याला चावले किंवा ओरखडले आहे का, किंवा एखाद्या जखमेवर चाटले आहे का? दुधाचे दात सुईसारखे असतात आणि खेळता खेळता लागलेला दात मुले घरी सांगत नाहीत. "कुत्रा चावला तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा" हा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. रानटी प्राण्याच्या बाबतीत वाट पाहण्याची मुभा नाही, आणि आपल्याकडील मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्याचा कोणताही चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात. जखम असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि आजच ग्रामीण रुग्णालयात जावे. तिथे कोल्ह्याचे पिल्लू असल्याचे स्पष्ट सांगावे, कारण त्यावरच लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) द्यायचे की नाही हे ठरते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

लसीबद्दल विचारले आहे. बाजारातील श्वानदंशाची लस पाळीव प्राण्यांवर तपासून मान्य झालेली असते. ती कोल्ह्याला टोचली म्हणून तो सुरक्षित झाला, असे लिहून देणारा पशुवैद्यक तुम्हाला मिळणार नाही; मीही देणार नाही.

सातपुडा पायथा

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. कायद्याचे थोडक्यात सांगतो. कोल्हा (जॅकल), खोकड (फॉक्स) आणि लांडगा हे तिन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, आणि त्या कायद्यात "शिकार" या शब्दाच्या अर्थात नुसते पकडणेही येते. कलम 39 नुसार असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो कोणत्याही कारणाने ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतील प्राण्यांसाठी, ज्यात लांडगा येतो, शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. परवा सकाळी सापडले असेल तर तुमची मुदत आज संपते, म्हणून लिहीत आहे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून पिल्लू कधी, कुठे आणि कसे सापडले ते जसेच्या तसे सांगा. आपणहून कळवणाऱ्या शेतकऱ्याला त्रास दिल्याचे निदान मी तरी आमच्या भागात पाहिलेले नाही.

तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कोल्हे एरवीही ओरडतात, तेव्हा ती आईच होती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण बिळाच्या आसपास जोडी अजून वावरत असावी, असे मानायला जागा आहे. बागेत माणसांची आणि कोयत्यांची गडबड सुरू झाली की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि त्या हलवाहलवीत एखादे मागे राहते. ते टाकून दिलेले नसते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, हाही गैरसमज आहे. जुन्नर, नाशिककडे उसात सापडलेले बिबट्याचे बछडे संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि मादी रात्री येऊन घेऊन जाते, हे आपण बातम्यांत वाचतो. इथेही तसे करता येईल, फक्त ते वन कर्मचाऱ्यांच्या हातून व्हावे.

तापीवरचा वाटसरू

परदेशात लोक लांडगा-कुत्र्याची संकरित जनावरे घरात पाळतात आणि त्यांचे व्हिडिओ आपण सगळेच पाहतो. तिथे जमते, मग इथेच एवढा बाऊ का?

उंबरठा

वाटसरू, व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो आणि जनावर दहा-बारा वर्षे जगते. पण मूळ प्रश्नकर्त्यांचा मुद्दा विचारपूर्वक मांडलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कुत्रा लांडग्यापासून झाला हे खरेच आहे. मात्र एक लांडगा माणसाळला आणि त्याचा कुत्रा झाला, असे घडलेले नाही. त्या बदलाला किमान चौदा-पंधरा हजार वर्षे झाली आहेत, आणि तो शिकवणीने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या निवडीने घडला. रशियात नोवोसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये सुरू केलेला आणि ल्युडमिला त्रुत यांनी पुढे कित्येक दशके चालवलेला चंदेरी खोकडांचा प्रयोग यासाठीच पाहण्यासारखा आहे. त्यांनी एकाही खोकडाला शिकवले नाही, लाडही केले नाहीत. प्रत्येक पिढीतून माणसाला सर्वांत कमी बिचकणारी, साधारण दहा टक्के जनावरे तेवढी पुढच्या वंशासाठी ठेवली. सहाव्या पिढीच्या सुमारास शेपूट हलवणारी, माणसाकडे कुंईकुंई करत येणारी पिल्ले दिसू लागली, आणि पुढे लोंबते कान आणि अंगावर पांढरे ठिपकेही आले. लक्षात घ्या, आरंभीची जनावरे आधीच कातडीसाठीच्या शेतांवर पिंजऱ्यांत पैदास झालेली होती, रानातून आणलेली नव्हती. तुमच्या बागेतले पिल्लू या हिशेबात पहिल्या पिढीच्याही आधीचे आहे.

आता "लहानपणापासून वाढवले तर" या भागाकडे येऊ. बुडापेस्टच्या संशोधकांनी लांडग्याची पिल्ले डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून अंगाखांद्यावर वाढवली. प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र माणूस होता आणि तो जवळजवळ चोवीस तास त्याच्यासोबत असे. पुढे त्यांना न उघडणाऱ्या डब्यात मांस ठेवून दिले. कुत्रे थोडी खटपट करून मालकाच्या तोंडाकडे पाहू लागले. लांडगे मात्र डब्याशीच झुंजत राहिले. आपण ज्याला कुत्र्याचे प्रेम म्हणतो त्यातला मोठा भाग या वळून पाहण्यात आहे, आणि तो संगोपनाने येत नाही. शिवाय लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे असताना, डोळे-कान पुरते काम करत नसतानाच, जगात फिरू लागते. कुत्र्याचे त्यानंतर दोन आठवड्यांनी, सगळी ज्ञानेंद्रिये जागी झाल्यावर. त्यामुळे कुत्र्याला माणूस, बैल, मोटारसायकल, कुकरची शिट्टी हे सगळे घरचे वाटायला जेवढा अवकाश मिळतो, तेवढा लांडग्याला मिळत नाही. हे प्रयोग लांडग्यांवरचे आहेत, कोल्ह्यावरचे नव्हेत. परंतु कोल्ह्याच्या मागे तर निवडीचा तेवढाही इतिहास नाही.

पांझराकाठ

उंबरठा यांनी अभ्यासाचे लिहिले, मी पाहिलेले लिहितो. आम्ही लहान असताना, साक्री तालुक्यात, एका ठेलारी मेंढपाळाने माझ्या थोरल्या भावाला कोल्ह्याचे पिल्लू आणून दिले होते. त्या काळी कुणी विचारणारे नव्हते. पाच-सहा महिने ते इतके गोड होते की आमच्या गोधडीत झोपे, शाळेतून आल्यावर अंगणात लोळण घेई, आणि "कोल्हा काकडीला राजी" म्हणतात ते खरे की खोटे हे पाहायला सगळी आळी काकड्या घेऊन येई. (खरे आहे. डांगर तर त्याहून आवडीचे.)

पुढे थंडी पडू लागली आणि ते बदलले. दिवसभर कणगीमागे अंधारात बसे, रात्री मात्र घर उकरून काढी. मातीच्या भिंतीखाली दोन वेळा भुयार निघाले. ज्वारीच्या पोत्यांवर मुतून ठेवी आणि तो वास धुऊन जात नसे. खाणे टाकले की ते ओढून खाटेखाली नेई आणि मग तिथे कुणी वाकायचे नाही. भाऊ वाकला आणि त्याचा पंजा फाटला. ते चिडलेले नव्हते की उलटलेले नव्हते; आपला घास राखत होते. नंतर वडिलांनी त्याला बाभळीला साखळीने बांधले. ते दिवसरात्र एकाच बाजूने फिरत राही, इतके की झाडाभोवती टाचभर खोल चर पडला. शेवटी नदीपलीकडे सोडून आलो, तर तिसऱ्या दिवशी गावात हजर. माणसाला भिणे ते विसरले होते आणि गावातल्या कुत्र्यांची भीती त्याला कुणी शिकवलेली नव्हती. कुत्र्यांनी त्याला चावडीमागे गाठले. भावाने त्यानंतर घरात कुत्राही ठेवला नाही.

भाऊ, मुलाला आज रडू द्या. सहा महिन्यांनी सोडायची वेळ आली तर ते पिल्लू सोडण्याच्याही लायकीचे राहणार नाही.

पिलबाग (यावल तालुका)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन दिवस उशीर झाला.

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न वाचून मुलाला जवळ घेऊन विचारले, तेव्हा त्याने अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक खुणा दाखवल्या. पहिल्याच दिवशी दूध पाजताना लागले होते आणि थोडे रक्तही आले होते, पण पिल्लू काढून घेतील म्हणून त्याने सांगितले नव्हते. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात लस सुरू केली आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी जळगावला जाऊन आलो. सालदारालाही लस घ्यायला लावली.

1926 वर फोन केल्यावर संध्याकाळी वनरक्षक आले, पंचनामा केला, पिल्लू पाहिले आणि तेही कोल्ह्याचेच म्हणाले. दिवस मावळताना त्यांनी केळी भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये पाला घालून ते बिळाजवळ ठेवले, वर हलके झाकण ठेवले आणि समोरच्या लिंबाला कॅमेरा बांधला. आम्ही मोतीला घरी बांधून ठेवले आणि शेतातले पाणी भरायचे काम त्या रात्रीपुरते थांबवले. पहिल्या रात्री काहीच आले नाही. पहाटे पिल्लू परत नेऊन त्यांनी दिवसभर आपल्याकडे ठेवले. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला कॅमेऱ्यात एक मोठे जनावर दिसते, आधी दोन वेळा लांबून फेरी मारून जाते आणि तिसऱ्या वेळी झाकण नाकाने सरकवते. सकाळी कॅरेट रिकामे होते.

मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही. वनरक्षकांनी त्याला मोबाइलवर ते चित्रण दाखवले, ते मात्र त्याने चार वेळा पाहिले. लसीचा दुसरा डोस काल झाला, तिसरा तीन दिवसांनी आहे. नाल्याकाठची उरलेली खोडे या हंगामात तशीच राहू द्यायची असे ठरवले आहे.