निर्दोषाने शिक्षा भोगली म्हणून दोषी सुटला, तर त्याला न्याय म्हणता येईल का?

प्रश्न

येशू ख्रिस्ताने क्रूसावर आपल्या पापांची शिक्षा आपल्या जागी भोगली, त्यामुळे देवाच्या न्यायाची मागणी पूर्ण झाली आणि पाप्याला क्षमा मिळाली, या ख्रिस्ती शिकवणीविषयी हा प्रश्न आहे. यातली प्रीती मला समजते. न्याय मात्र समजत नाही. खून एकाने केला आणि त्याच्या भावाने स्वखुशीने फाशी घेतली, तर कोणतेही न्यायालय ते मान्य करणार नाही. एखाद्या न्यायाधीशाने मान्य केलेच, तरी आपण त्याला दयाळू म्हणणार नाही. ही हरकत मी बाहेरून आणलेली नाही, ती पवित्र शास्त्रातच आहे. बापाच्या अपराधाबद्दल मुलाला किंवा मुलाच्या अपराधाबद्दल बापाला देहदंड देऊ नये, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचे २४:१६ हे वचन सांगते. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तेच अधिक ठामपणे येते. नीतिसूत्रे १७:१५ तर म्हणते की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. येशूने आपला प्राण आपण होऊन दिला (योहान १०:१८), हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. संमती होती म्हणजे जबरदस्ती झाली नाही एवढेच ठरते, शिक्षा योग्य व्यक्तीला झाली हे ठरत नाही.

पहिले उत्तर

आपली हरकत जुनी आहे आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. इटालियन धर्मविचारक फाउस्टस सोसिनस यांनी १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात ती जवळजवळ याच रूपात मांडली होती. पैशाचे कर्ज दुसरा कोणीही फेडू शकतो, कारण एकाचा पैसा दुसऱ्याचा होऊ शकतो. पण एकाचे मरण दुसऱ्याचे होऊ शकत नाही. शिवाय कर्ज पूर्ण वसूल झाले असेल, तर ते ‘माफ केले’ असे म्हणण्याला काय अर्थ उरतो, असेही त्यांनी विचारले. पुढे १७९३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनीही नैतिक ऋण कर्जासारखे दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही, असेच लिहिले.

सोसिनस यांना उत्तर म्हणून डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी १६१७ मध्ये असे मांडले की देव इथे सावकार नसून शासक आहे, आणि कायद्याचा मान राखून शिक्षा शिथिल करण्याचा शासकाला अधिकार असतो. मला हे उत्तर पटत नाही. कायद्याचा धाक राहावा म्हणून निर्दोषाला दंड द्यायचा, हे आपल्या उदाहरणातील न्यायाधीशापेक्षाही वाईट झाले.

मात्र आपण ज्या रूपावर हरकत घेत आहात, ते या शिकवणीचे एकमेव रूप नाही. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात ‘एकतर शिक्षा, नाहीतर भरपाई’ असा पर्याय ठेवला आहे. त्यांच्या मते ख्रिस्ताने शिक्षा भोगली नाही. देवाचा जो मान माणसाने हिरावला होता, त्याहून मोठे अर्पण त्याने केले, म्हणून शिक्षेची गरजच उरली नाही. भरपाई दुसऱ्याने देण्यात न्यायाला बाधा येत नाही. त्या अर्पणाच्या जागी शिक्षेची भाषा मुख्य झाली ती सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या (प्रोटेस्टंट चळवळीच्या) काळात, विशेषतः कायद्याचे शिक्षण घेतलेल्या जॉन कॅल्विन यांच्या लेखनातून.

दुसरे उत्तर

‘कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही’ हे विधान थोडे तपासावे लागेल. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस स्वतः ख्रिस्ती श्रद्धेचे नव्हते. तरीही १९९७ च्या एका निबंधात त्यांनी दाखवून दिले की गुन्ह्याबद्दलचा दंड आरोपीच्या मित्राने भरला तर आपण हरकत घेत नाही. दंड हीसुद्धा शिक्षाच आहे. तुरुंगवासाच्या बाबतीत आपण बदली नाकारतो आणि दंडाच्या बाबतीत ती चालवून घेतो, म्हणजे आपले स्वतःचेच मत दुभंगलेले आहे. यावरून क्रूस न्याय्य ठरत नाही, हे खरे. पण बदली मुळातच अन्यायी आहे असे गृहीत धरता येत नाही.

प्रश्नकर्ता

लुईस यांचा मुद्दा मला अडवतो, हे मान्य करतो. तरी मला वाटते की मित्राने दंड भरलेला आपण चालवून घेतो, तो पैसा कुणाच्या खिशातून आला हे शोधणे अवघड असते म्हणून; ते आपल्याला न्याय्य वाटते म्हणून नव्हे. अँसेल्म यांचे रूप मला अधिक सुसह्य वाटते. पण मग यशया ५३:५ चे काय करायचे? आपल्याला शांती मिळावी म्हणून त्याला शिक्षा झाली, असा तिथे शिक्षेचाच शब्द आहे.

तिसरे उत्तर

मी ही शिकवण मानतो आणि शिकवतोही, म्हणून जबाबदारीने लिहितो. खुनी, त्याचा भाऊ आणि न्यायाधीश असे तीन परके लोक कल्पिले, तर आपली हरकत अजिंक्य आहे, आणि उपदेशांतून असे चित्र रंगवले जाते याचे मला दुःख होते. पण नव्या करारातील पत्रे लिहिणारा प्रेषित पौल असे चित्र काढत नाही. २ करिंथ ५:१४ मध्ये तो म्हणतो की एक सर्वांसाठी मरण पावला, ‘म्हणून सर्व मरण पावले’. केवळ अदलाबदल असती तर ‘म्हणून सर्व वाचले’ असे वाक्य आले असते. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातही विश्वास ठेवणारा ख्रिस्ताबरोबर मरतो; शिक्षा त्याला चुकवून जात नाही, ख्रिस्ताशी जोडला गेल्यामुळे ती त्याच्यापर्यंत येऊन संपते. यशयातील शिक्षेचा शब्द मी असाच वाचतो.

दुसरे असे, की ज्याचा अपराध झाला तोच इथे नुकसान सोसतो. फिलेमोनाला पत्र लिहिताना पौल त्याचा दास अनेसिम याचे देणे ‘माझ्या हिशेबी मांड’ असे सांगतो. तिथे पौल तिऱ्हाईत आहे. क्रूसावर मात्र, पिता आणि पुत्र एकच देव आहेत हे मानले तर, कोणी तिऱ्हाईत उरतच नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव, ही शिकवण) बाजूला ठेवून या शिकवणीचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही, आणि ते न मानणाऱ्याला माझे उत्तर अपुरे वाटणे रास्त आहे.

एक अडचण मात्र माझ्यासाठीही शिल्लक आहे, आणि ती आपण विचारलेली नाही. अपराध केवळ देवाचा होत नाही, ज्या माणसाला इजा झाली त्याचाही होतो. त्याच्या वतीने देवाने क्षमा कशी करावी? लूक १९:८ मधील जकातदार जक्कय ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल करतो, आणि त्यानंतरच येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळाले. क्रूस हे ऋण फेडून टाकतो असे मी कोणालाही शिकवत नाही.

प्रश्नकर्ता

जक्कयाचा संदर्भ मला नवा आहे. ख्रिस्ताशी एकरूप होणे हे केवळ मानलेले नाते नसून खरे नाते असेल, तरच आपले उत्तर टिकते, हे आता स्पष्ट झाले. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्या दृष्टीने पुन्हा वाचून इथेच लिहितो.